आजी आणेल ते पोर

दारातून आत येण्याआधी ती खाली बघायची. आपल्या लोकांच्या घरात चपला-बूट दाराशीच काढलेले असतात, त्यांतले लहान जोड ती मोजायची. माझ्या पंजाबी शेजारणीकडे आली तेव्हा मी तिथे चहा पीत बसले होते. हॅलो नाही, हवापाणी नाही. बूट मोजले आणि म्हणाली, "पोरं दोन सांगितलीस. जोड तीन आहेत. तिसरं कोणाचं?"

शेजारीण म्हणाली, "दिराची मुलगी. परवाच आली इंडियाहून."

"टोचलंय तिला?"

"झोपलीय ती, सिस्टर. जेट लॅग."

"झोपेतही टोचता येतं," ती म्हणाली आणि कोट न काढता खुर्ची ओढून बसली.

इथे इंग्लंडात, लीड्समधल्या आमच्या क्लिनिकमध्ये ती हेल्थ व्हिजिटर होती, म्हणजे बाळ जन्मलं की घरी येऊन बघून जाणारी नर्स. शिवाय आठवड्यातले दोन दिवस क्लिनिकमध्ये बाळांना लसी टोचायची. मी तिथली सफाईवाली. पेन्शनचं वय उलटलं तरी सकाळचे तीन तास कामाला जायचे, कारण घरी बसून मला करमत नाही. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही म्हणायचे. ती मला बाय म्हणायची आणि अगंतुगं करायची. वयाने मी मोठी, पण तिच्याकडे ती पद्धत नव्हती.

ती मॉरिशसची. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात राबायला गेलेले. तिची मराठी कोकणातली, पण फार जुनी, डब्यात घालून झाकण लावून ठेवल्यासारखी. मी नागपूरची. सुरुवातीला तिचं अर्धं बोलणं मला कळत नसे आणि माझं तिला. मग आम्ही इंग्रजीत भांडायचो आणि मराठीत समेट करायचो.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, ज्यांना घरी बोलवायला लोक घाबरतात. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला की ती केकची बशी हातात घेऊन फिरायची आणि आयांना विचारायची, "हिचा दुसरा डोस राहिलाय ना गो?" एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई स्टेजवर गाणं म्हणत होती. सिस्टर पहिल्या रांगेत होती. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवल्या आणि तिथूनच म्हणाली, "छान. आता गुरुवारी धाकट्याला घेऊन ये." पुढच्या वर्षी तिला आमंत्रण गेलं नाही. तरी ती आली.

माझं तिचं जमलं ते गोवरावरून. मी नऊ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ गोवराने गेला. आईने कडुलिंबाचा पाला बांधला, फोडणी बंद केली, देवी आलीय म्हणून औषध दिलं नाही. पुढे आम्ही बौद्ध झालो आणि देव्या घराबाहेर गेल्या, पण भाऊ त्याच्या आधीच गेला होता. हे मी फरशी पुसता पुसता तिला सांगितलं. तिने हळहळ केली नाही. विचारलं, "त्याच्याआधी गावात बाहेरून कोण आलं होतं?"

मला सांगता येईना. ती म्हणाली, "कुणीतरी आलेलंच असतं."

मग तिने तिच्या बेटाचं सांगितलं. मॉरिशसच्या ताब्यातलं एक लहानसं बेट, बोटीने दीड दिवसावर. नवीन नर्स झाल्यावर तिला तिथे पाठवलं. लस अजून पोचली नव्हती. एका बोटीतून एक पोर उतरलं, डोळे लाल, नाक गळतंय. दोन आठवड्यांत घराघरात पोरं पडली. "शवपेट्या करून करून सुताराकडच्या फळ्या संपल्या," ती म्हणाली. "मग त्याने स्वतःच्या घराचं दार काढलं." एवढंच बोलली आणि फायली लावायला लागली.

लस आली ती पुढे काही वर्षांनी, बर्फाच्या पेटीतून. पेटी डोक्यावर घेऊन ती आणि एक मदतनीस बाई डोंगर चढायच्या, कारण बर्फ वितळायच्या आत घरं गाठायची असत. घरांना नंबर नव्हते, म्हणून छपरं मोजायची. आया शेतात किंवा खडकांवर मासे धरायला गेलेल्या. पोरं आज्यांजवळ. "आईची वाट बघत बसलो असतो तर बर्फाचं पाणी झालं असतं," ती सांगायची. "आजी आणेल ते पोर टोचायचं. आजीनं आणलं म्हणजे घराने आणलं."

एकही छप्पर सोडलं नाही. नंतर पुन्हा एकदा बोटीतून गोवर आलाच. आजारी पोर धक्क्यावर उतरलं, आणि पुढे काही झालं नाही. ही गोष्ट सांगताना मात्र ती हसायची. "गोवर गावभर फिरला, कुणी दार उघडलं नाही, बोटीत बसून परत गेला."

मग मान हलवून म्हणायची, "हे पण बेटच आहे गो बाय. मोठं आहे म्हणून लोक विसरतात."

आता तिच्या-माझ्यात काय झालं ते लिहिते. रागावून लिहिते आहे, ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

त्या वर्षांत इथे वर्तमानपत्रांनी एक भूत उभं केलं होतं. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची मिळून एक लस असते, तिला एमएमआर म्हणतात. कुणी एका डॉक्टरने म्हटलं की या लसीने मुलांना ऑटिझम होतो. बाकीचे डॉक्टर घसा फोडून सांगत होते की असं काही नाही. पण घसा फोडणाऱ्याचा फोटो पेपरात येत नाही, रडणाऱ्या आईचा येतो. मी चौथी शिकलेली. मला इथला इंग्रजी पेपर वाचता येत नाही, आणि त्या दिवसांत तेच बरं होतं. शिकलेल्या बायका गाडीतून उतरायच्या, हातात कात्रण, आणि सिस्टरला शिकवायच्या. क्लिनिकमध्ये खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. मला फरशी पुसायला लवकर मोकळी मिळायची. सिस्टर लसींच्या फ्रिजचं दार उघडून बघायची आणि परत लावायची.

माझी सून त्या बायकांतलीच. इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, चांगल्या नोकरीला. ती वाईट नाही, हे आधी सांगते. तिच्या मैत्रिणीचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, आणि मैत्रिणीने सगळा दोष लसीवर टाकला. सून घाबरली. माझा नातू निखिल सव्वा वर्षाचा झाला, दीड वर्षाचा झाला, तरी त्याला एमएमआर नाही. दिवसभर तो माझ्याकडे असायचा. सकाळी क्लिनिकला जाताना मी त्याला शेजारणीकडे ठेवायचे.

मी सुनेला म्हटलं, "मुलगी समजून सांगते, टोचून घे त्याला."

ती म्हणाली, "आई, माझं बाळ आहे ते. तुम्ही रिसर्च वाचलाय का? मी वाचलाय."

"मी भाऊ मेलेला पाहिलाय."

"ते इंडियात होतं. तेव्हाचं. इथे मीजल्स कोणाला होतो? आणि इट्स माय डिसिजन."

मुलगा तिथेच होता. टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

दोन महिने गेले. मग एका गुरुवारी निखिलला बाबागाडीत घातलं, त्याचं लाल पुस्तक सुनेच्या कपाटातून काढलं आणि क्लिनिकमध्ये नेलं. लाल पुस्तक म्हणजे इथे प्रत्येक बाळाचं असतं, त्यात वजन, लसी, सगळं लिहितात.

सिस्टरने पुस्तक उघडलं. मला विचारलं, "आई हो म्हणाली?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं. फोनला हात लावला. घरचा आणि ऑफिसचा, दोन्ही नंबर समोर लिहिलेले होते. नियम असा की आई नसेल तर आईला विचारायचं आणि विचारल्याचं लिहायचं. तिने हात फोनवरून काढला.

ती मला ओळखत होती. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं असेल का? कितीतरी वेळा मी यावर विचार केलाय. मला वाटतं, तिने ते कळून घेतलं नाही. समोर आजी उभी होती, कडेवर पोर होतं. तिच्या हातांना एवढं पुरेसं होतं. इथे जन्मलेल्या नर्सने फोन केला असता. आणि इथे जन्मलेल्या आजीने नातवाला असं आणलं नसतं. आम्ही दोघीही दुसऱ्या ठिकाणच्या.

निखिल रडला, तिने त्याला चिकटपट्टी लावली, पुस्तकात सही केली. "आठव्या दिवशी थोडा ताप येईल," ती म्हणाली, "अंगावर चार पुटकुळ्या येतील. घाबरायचं नाही."

आठव्या दिवशी ताप आला. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तो आईजवळ होता. सून धावत माझ्याकडे आली, बाळाच्या पोटावर लाल ठिपके. मी स्टोव्हपाशी होते. तोंडातून निघून गेलं, "आठव्या दिवशी येतोच तो. उद्या उतरेल."

ती जिथल्या तिथे थांबली. म्हणाली, "कशाचा आठवा दिवस?"

एवढी वर्षं मी तोंड सांभाळून जगले, आणि तिथे चुकले.

सुनेने मला काही म्हटलं नाही. मला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने क्लिनिकला पत्र लिहिलं, की नर्सने आईच्या परवानगीशिवाय बाळाला लस दिली. ते खरंच होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि वाचून मुलगा मला म्हणाला, "आई, तू आता मध्ये पडू नकोस. प्लीज."

सिस्टरची चौकशी लागली. तोपर्यंत तिला टोचायचं काम बंद. आत खोलीत बसून वजनांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायचं काम दिलं. मी तिची खोली पुसायला गेले तेव्हा ती एका बोटाने टाइप करत होती.

मी म्हटलं, "सिस्टर, मी जाऊन सांगते. तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोलले."

"काही सांगायचं नाही."

"का?"

"मी त्यांना सांगितलंय, की मी विचारलंच नाही. आजी आली, मी टोचलं. चूक माझी." ती स्क्रीनकडेच बघत होती. "तू खोटं बोललीस म्हटलं तर तुझी नोकरी जाईल. सून पोर द्यायची बंद होईल. माझं काय जाणार आहे? दोन वर्षांनी तशीही घरी जाणार आहे. गप्प राहा."

मी आठ दिवस गप्प राहिले. कुणीतरी माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतंय, हे मला सहन होत नाही. आयुष्यात कुणी घेतलं नव्हतं, सवय नाही. नवव्या दिवशी बादली कोपऱ्यात ठेवली, एप्रन काढला आणि मॅनेजरच्या खोलीत गेले.

मॅनेजरबाई चांगल्या होत्या. खुर्ची दिली. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. शी आस्क मी. आय से येस. आय टेल लाय. बाईंनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. बाहेर आले तेव्हा छाती हलकी झाली होती. इतका मूर्खपणा मी पुन्हा केला नाही.

कारण झालं असं. फोन केला नाही, ही चूक सिस्टरची होतीच. ती एवढ्यावर सुटली असती, समज मिळाली असती, पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं असतं. पण माझ्या सहीनंतर कागदावर असं आलं की चौकशीत नर्सने खोटी माहिती दिली. चुकलेल्या नर्सला ते ठेवतात. खोटं बोलणाऱ्या नर्सला ठेवत नाहीत. मी खरं बोलायला गेले आणि तिला खोटारडी ठरवून आले.

त्यांनी तिला काढलं नाही. काढण्याआधी स्वतः जा, असं सांगितलं. ती गेली.

शेवटच्या दिवशी ती डबा खात होती. डाळ-भात, आणि बाजूला तिच्या बेटाकडची मिरचीची चटणी. मी दारात उभी राहिले. आत ये म्हणाली नाही. घास संपवून म्हणाली, "तू खोटं बोललीस ते पोरासाठी. मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी. मग खरं बोललीस ते कुणासाठी?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं नाही. खरं बोलले ते माझ्यासाठी, मला झोप लागावी म्हणून.

"जेवलीस का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने डब्याच्या झाकणात थोडा भात काढून माझ्यापुढे सरकवला. आम्ही दोघी खाल्लं. चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते चटणीचंच होतं. महिन्याभरात ती तिकडे परत गेली. पत्ता मी मागितला नाही, तिने दिला नाही.

माझी नोकरी राहिली. सुनेने चार महिने निखिलला नर्सरीत ठेवलं, मग पुन्हा माझ्याकडे सोडायला लागली, काही न बोलता. त्याला काही झालं नाही. बोलतो, भांडतो, खोटंही बोलतो. माझ्यावर गेलाय.

आणि मग गोवर आला. आलाच. नर्सरीतलं कुणीतरी सुट्टीवरून घेऊन आलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, चार वर्षांची, न टोचलेली, हॉस्पिटलमध्ये गेली. न्यूमोनिया झाला, तीन आठवडे मशीनवर होती. वाचली. एका कानाने ऐकू येईनासं झालं. तिची आई मला दुकानात भेटली तर म्हणाली, "आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही." मी तिच्या तोंडावर म्हटलं, "तुझ्या दारात एक बाई चार वेळा आली होती. तू पडद्यामागून बघत होतीस. मी तुझ्या समोरच राहते." ती माझ्याशी आता बोलत नाही. न बोलू दे.

दुसऱ्याच आठवड्यात क्लिनिकबाहेर रांग लागली. पावसात, बाबागाड्या घेऊन, कोपऱ्यापर्यंत. ज्या बायका कात्रणं घेऊन यायच्या त्याच. आता ओरडत होत्या की एकच नर्स का, इतका वेळ का लागतो. भिजलेल्या चाकांनी फरशी इतकी घाण झाली की मी एका सकाळी तीनदा पुसली.

तिसऱ्यांदा पुसत होते तेव्हा आत टेबलासमोर माझी सून बसली होती. मांडीवर निखिलची धाकटी बहीण, वर्षाची. निखिल बाजूला उभा. दार उघडंच होतं. नर्स नवीन, तरुण, दमलेली. तिने विचारलं, "मोठ्याला दिली होती ना? त्याला काही त्रास?"

सून म्हणाली, "नो. ही वॉज फाइन. थोडा ताप, दॅट्स ऑल."

नर्सने निखिलचं लाल पुस्तक मागितलं, तारीख बघायला. पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं. "सही वाचता येत नाहीये. कुणी दिली होती?"

सुनेने पुस्तकाकडे बघितलं. तिला ते नाव पाठ होतं, पत्रात तिनेच लिहिलं होतं. म्हणाली, "आय डोन्ट रिमेंबर. इथली कुणीतरी नर्स."

मी मॉप भिंतीला टेकवला, दारात गेले आणि सिस्टरचं नाव सांगितलं. तिचं, तिच्या बापाचं आणि आडनाव. मंडपात नाव पुकारतात तेवढ्या मोठ्याने.

नर्स म्हणाली, "सॉरी, हू?"

मी परत सांगितलं.